अर्धशिशी व नैराश्य : मेंदूतील रसायनांचे नाते

डोके दुखू लागले म्हणजे मनुष्य वैद्याकडे जातो. मन खचले म्हणजे मात्र तो बहुधा कोणाकडेच जात नाही. वेदना शरीराची आणि विषाद मनाचा, अशी वाटणी माणसाने फार पूर्वीच करून टाकलेली आहे. व्यवहाराला ती सोयीची असली, तरी निसर्गाने ती मान्य केल्याचे दिसत नाही. अर्धशिशीने पिडलेल्या लोकांमध्ये नैराश्याचा विकार इतरांपेक्षा सुमारे दोन ते तीन पट अधिक आढळतो. आणि नैराश्याने ग्रासलेल्यांना पुढे अर्धशिशी जडण्याचा संभवही अधिक असतो. हा निव्वळ योगायोग आहे काय? सतत दुखणाऱ्या डोक्यामुळे मन खचते, एवढाच याचा अर्थ घ्यावयाचा काय? की या दोन्ही विकारांची मुळे मेंदूतील रासायनिक व्यवहारांत एकमेकांत गुंतलेली आहेत? गेल्या पाऊणशे वर्षांत शास्त्रज्ञांनी या प्रश्नाचा जो मागोवा घेतला, त्याची हकीकत मोठी उद्बोधक आहे. आणि तिचा एक धागा भारतातील एका वनस्पतीपाशी येऊन पोहोचतो.

दोन विकारांची ओळख

अर्धशिशी हा माणसाचा फार जुना सोबती होय. आयुर्वेदाच्या ग्रंथांत त्याला ‘अर्धावभेदक’ असे नाव आहे. ग्रीक वैद्य गेलन याने त्यास ‘हेमिक्रेनिया’, म्हणजे अर्ध्या कवटीचे दुखणे, असे म्हटले आणि त्याच शब्दाचा अपभ्रंश होत होत ‘मायग्रेन’ हा आजचा शब्द तयार झाला. दोन भिन्न संस्कृतींतील वैद्यांना या व्याधीचे एकच लक्षण प्रथम नजरेत भरावे, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

साध्या डोकेदुखीहून अर्धशिशी वेगळी असते. डोक्याच्या बहुधा एकाच बाजूस ठणका लागतो. हालचाल केली की तो वाढतो. मळमळते, उलट्या होतात. उजेड आणि आवाज सोसवत नाहीत. उपचार न केल्यास हा झटका ४ तासांपासून ७२ तासांपर्यंत टिकतो. काही रुग्णांना झटक्यापूर्वी डोळ्यांपुढे नागमोडी, चमकणाऱ्या रेषा दिसतात. जगातील सुमारे दर सात माणसांमागे एकास हा विकार असतो, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत त्याचे प्रमाण दोन ते तीन पट आहे. कर्नाटकात करण्यात आलेल्या व २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत तर एका वर्षाच्या अवधीत सुमारे एक चतुर्थांश प्रौढांना अर्धशिशीचा उपद्रव झाल्याचे आढळले.

नैराश्य म्हणजे नेहमीचे दुःख नव्हे. आप्त निवर्तला, परीक्षेत अपयश आले, तर मन उदास होणे स्वाभाविक आहे. परंतु दोन आठवडे वा त्याहून अधिक काळ मन सतत खिन्न राहिले, कशातच गोडी वाटेनाशी झाली, झोप व भूक बिघडली, थकवा येऊ लागला, आपण निरुपयोगी आहोत असे वाटू लागले, तर वैद्यक त्यास विकार मानते. २०१५-१६ मध्ये झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतात सुमारे दर वीस प्रौढांमागे एकास आयुष्यात केव्हा ना केव्हा हा विकार होतो.

सर्पगंधेचा धागा

सर्पगंधा ही वनस्पती भारतात शतकानुशतके औषध म्हणून वापरात होती. बिहारमध्ये तिच्या मुळ्या ‘पागल की दवा’ या नावाने विकल्या जात. १९३१ मध्ये कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी रक्तदाब व उन्माद यांवर या मुळीचा गुण येतो, असे वैद्यकीय नियतकालिकातून नमूद केले. १९४९ मध्ये मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवरील आपले अनुभव ब्रिटनमधील हृदयरोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केले आणि पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष सर्पगंधेकडे वेधले गेले. पुढे १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझल येथील शास्त्रज्ञांनी तिच्यातील प्रभावी द्रव्य वेगळे केले. ते द्रव्य म्हणजे रेसर्पिन होय.

रेसर्पिनने रक्तदाब उतरत असे, आणि क्षुब्ध मनोरुग्ण शांत होत. तथापि लवकरच एक विचित्र गोष्ट डॉक्टरांच्या नजरेस आली. रक्तदाबासाठी हे औषध घेणारे काही रुग्ण खिन्न होऊ लागले. ते कोणाशी बोलेनात, त्यांना जेवण गोड लागेना. पुढील काळात या नोंदींची फेरतपासणी झाली तेव्हा अशा रुग्णांचे प्रमाण प्रथम वाटले होते त्याहून कमी असावे, असे दिसून आले. तरीही त्या वेळी निर्माण झालेला प्रश्न मोलाचा ठरला. मुळीतून काढलेले एक रसायन माणसाच्या मनाचा रंग बदलते, तर मेंदूत ते नेमके काय करीत असेल?

सेरोटोनिनचा शोध

या प्रश्नाचे उत्तर मिळण्यास आवश्यक असलेली दुसरी सामग्री तोपर्यंत तयार झालेली होती. १९४८ मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलंड येथे मॉरिस रॅपोर्ट, आर्डा ग्रीन आणि आयर्विन पेज यांनी रक्तद्रवातून रक्तवाहिन्या आकुंचित करणारे एक द्रव्य वेगळे केले व त्याला ‘सेरोटोनिन’ असे नाव दिले. इटलीतील व्हित्तोरिओ एर्स्पामेर यांनी आतड्याच्या अस्तरातून पूर्वीच मिळविलेले द्रव्य तेच होय, हे १९५२ मध्ये स्पष्ट झाले. १९५३ मध्ये बेटी ट्वारॉग आणि पेज यांनी हे द्रव्य सस्तन प्राण्यांच्या मेंदूतही असल्याचे दाखवून दिले, आणि आतापर्यंत रक्ताचे व आतड्याचे मानले गेलेले हे द्रव्य एकाएकी मेंदूच्या अभ्यासाचा विषय बनले.

मेंदूतील मज्जापेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात; त्यांच्यामध्ये अतिसूक्ष्म फट असते. एका पेशीतून निघालेला विद्युत्संदेश फटीच्या काठाशी येऊन थांबतो. तेथे ती पेशी एखादे रसायन सोडते. ते फट ओलांडून पलीकडील पेशीवरील ग्राहींना जाऊन भिडते आणि संदेश पुढे जातो. सेरोटोनिन हे अशा संदेशवाहक रसायनांपैकी एक आहे. अन्नातील प्रथिनांत असलेल्या ट्रिप्टोफॅन या द्रव्यापासून शरीर ते तयार करते. शरीरातील बहुतेक सेरोटोनिन आतड्यात असते. मेंदूच्या वाट्याला त्याचा फार थोडा अंश येतो. मेंदूच्या तळाशी, मस्तिष्कस्तंभाच्या मध्यरेषेवर, ते निर्माण करणाऱ्या पेशींचे पुंज आहेत. या पेशी संख्येने थोड्या, परंतु त्यांचे तंतू मेंदूच्या जवळजवळ प्रत्येक भागात पोहोचलेले असतात. झोप, भूक, मनःस्थिती आणि वेदनेची तीव्रता या सर्वांवर त्यांचा प्रभाव पडतो. काम झाल्यावर उरलेले सेरोटोनिन पेशी पुन्हा आत ओढून घेते, किंवा एक विकर त्याचे विघटन करते आणि त्याचा अवशेष मूत्रावाटे बाहेर पडतो.

१९५५ मध्ये अमेरिकेतील बेथेस्डा येथे बर्नार्ड ब्रोडी व त्यांचे सहकारी आल्फ्रेड प्लेचर आणि पार्कहर्स्ट शोअर यांनी सशांना रेसर्पिन दिले, आणि त्यांच्या मेंदूतील सेरोटोनिनचा साठा रिता होतो असे सिद्ध केले. नॉरॲड्रेनॅलिन या दुसऱ्या संदेशवाहकाचा साठाही रेसर्पिनमुळे घटतो, हे पुढे दिसून आले. याच सुमारास उलट दिशेने जाणारा एक पुरावाही हाती आला. १९५२ मध्ये न्यूयॉर्कच्या एका क्षयरुग्णालयात इप्रोनियाझिड या नव्या औषधाची परीक्षा चालू असताना, ते घेणारे रुग्ण कमालीचे उल्हसित होतात असे दिसले. हे औषध सेरोटोनिनचे विघटन करणाऱ्या विकरास अडविते. १९५७ मध्ये त्याचा नैराश्यावर उपयोग करण्यात आला. यकृताला अपाय होत असल्याने ते फार काळ टिकले नाही. परंतु संदेशवाहक घटले तर मन खचते आणि वाढले तर उभारी धरते, ही कल्पना मात्र त्यातून रुजली.

अर्धशिशीवरील प्रयोग

येथवर अर्धशिशीचा या कथेशी काहीच संबंध नव्हता. १९६० मध्ये तो जडला. न्यूयॉर्कमधील किम्बॉल, फ्रीडमन आणि व्हालेहो या संशोधकांनी अर्धशिशीच्या रुग्णांना रेसर्पिन टोचले असता त्यांचे डोके अर्धशिशीसारखे दुखू लागले. आणि त्यांच्या शिरेतून सेरोटोनिन दिले असता दुखणे कमी झाले. पुढच्याच वर्षी फ्लॉरेन्सचे फेदेरिगो सिकुतेरी यांनी दाखविले की, झटक्याच्या वेळी रुग्णाच्या मूत्रात सेरोटोनिनचा अवशेष वाढतो. १९६७ मध्ये सिडनी येथील जेम्स लान्स व त्यांचे सहकारी यांना झटका सुरू झाल्यावर रक्तातील सेरोटोनिन घटलेले आढळले. रक्तातील सेरोटोनिन प्लेटलेट नावाच्या सूक्ष्म चकत्यांत साठविलेले असते. झटक्यात ते बाहेर पडून वाहून जाते, असा या निरीक्षणांचा अर्थ लावण्यात आला.

ज्या द्रव्यामुळे मन उदास होत असल्याचा संशय होता, त्याच द्रव्याने अर्धशिशी चाळविली जात होती. दोन विकारांमधील दुवा प्रयोगशाळेत प्रथमच असा स्पष्ट दिसला.

सेरोटोनिन टोचून अर्धशिशी बरी करणे मात्र व्यवहार्य नव्हते. कारण ते साऱ्या शरीरभर खळबळ उडविते. पुढे असे समजले की, सेरोटोनिनचे ग्राही एकाच जातीचे नसून त्यांचे चौदा प्रकार आहेत. त्यांपैकी मोजक्या प्रकारांनाच भिडेल असे औषध शोधण्याचा उद्योग इंग्लंडमध्ये पॅट्रिक हम्फ्री व त्यांच्या सहकाऱ्यांनी आरंभिला. त्यातून १९९१ मध्ये सुमाट्रिप्टान हे औषध बाजारात आले. अर्धशिशीचा चालू झटका थोपविणाऱ्या औषधांत ते आजही महत्त्वाचे स्थान राखून आहे.

सोप्या उत्तरातील अडचण

ही हकीकत येथेच संपली असती तर उत्तर फारच सोपे झाले असते: सेरोटोनिन कमी पडले की अर्धशिशीही होते आणि नैराश्यही येते. परंतु औषधांच्या अनुभवाने या उत्तराला छेद दिला.

नैराश्यासाठी १९६१ पासून वापरात असलेले ॲमिट्रिप्टिलिन हे औषध अर्धशिशीचे झटके कमी करते, असे १९७० नंतरच्या दशकात पद्धतशीर चाचण्यांतून दिसून आले. गमतीची गोष्ट अशी की, ज्यांना नैराश्य मुळीच नाही अशा रुग्णांनाही त्याचा गुण येतो, आणि तोही नैराश्यासाठी लागणाऱ्या मात्रेपेक्षा पुष्कळच कमी मात्रेने. म्हणजे मन सुधारले म्हणून डोके थांबले, असे म्हणता येत नाही. याउलट १९८० नंतरच्या दशकात फ्लुऑक्सेटिनसारखी केवळ सेरोटोनिनवर काम करणारी औषधे आली. नैराश्यावर ती उपयोगी पडतात. पण अर्धशिशीच्या प्रतिबंधासाठी त्यांची परीक्षा केली असता निर्गुण गोळीपेक्षा त्यांचा विशेष लाभ होत असल्याचे सिद्ध झाले नाही. सेरोटोनिन व नॉरॲड्रेनॅलिन या दोहोंवर काम करणाऱ्या व्हेन्लाफॅक्सिनचा मात्र काही रुग्णांना उपयोग होतो.

यावरून संशोधकांनी योग्य तो बोध घेतला. नैराश्य म्हणजे केवळ सेरोटोनिनची उणीव, हे जुने सूत्र आज जसेच्या तसे मानले जात नाही. एकच पत्र निरनिराळ्या घरी गेले तर प्रत्येक घरी त्याचा परिणाम वेगळा होतो. त्याचप्रमाणे एकच संदेशवाहक कोणत्या ग्राहीस, मेंदूच्या कोणत्या भागात आणि कोणत्या वेळी भिडतो, यावर त्याचे कार्य अवलंबून असते.

लाट आणि वेदनेची वाट

अर्धशिशीत मेंदूत काय घडते, याचे आजचे चित्र पूर्वीपेक्षा पुष्कळ पूर्ण आहे. १९४४ मध्ये ब्राझीलचे आरिस्तिदेस लिआओ यांना सशाच्या मेंदूवर प्रयोग करताना असे आढळले की, मेंदूच्या पृष्ठभागावरून विद्युत्क्रिया मंदावण्याची एक लाट मिनिटास सुमारे ३ मिलिमीटर इतक्या संथ गतीने सरकत जाते. त्याआधी १९४१ मध्ये कार्ल लॅश्ली या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने स्वतःला झटक्यापूर्वी दिसणाऱ्या नागमोडी रेषांची आकृती वेळोवेळी कागदावर काढून त्यांचा वेग अजमावला होता; तोही मिनिटास ३ मिलिमीटर इतकाच भरला. डोळ्यांपुढे सरकणाऱ्या रेषा या त्या लाटेचेच प्रतिबिंब होत, हे यातून पुढे उलगडले. इंग्रजीत या लाटेच्या नावातही ‘डिप्रेशन’ हा शब्द येतो. परंतु तेथे त्याचा अर्थ पेशींचे कार्य मंदावणे एवढाच आहे. मनाच्या नैराश्याशी त्याची गल्लत करू नये.

चेहरा व मेंदूची आवरणे यांच्या संवेदना वाहून नेणारा ट्रायजेमिनल नावाचा मज्जातंतू आहे. तो उद्दीपित झाला म्हणजे त्याच्या टोकांतून सीजीआरपी हे लहानसे प्रथिन स्रवते. १९९० मध्ये पीटर गोड्सबी व लार्स एड्विन्सन यांनी झटक्याच्या वेळी मानेतील शिरेच्या रक्तात ते वाढलेले असते, असे दाखविले. त्यास अडविणारी नवी औषधे २०१८ पासून उपलब्ध झाली, आणि या संशोधनासाठी गोड्सबी, एड्विन्सन, मायकेल मॉस्कोविट्झ व येस ओलेसन यांना २०२१ चे ‘ब्रेन प्राइज’ देण्यात आले.

वेदनेच्या या वाटेवर मस्तिष्कस्तंभातील सेरोटोनिनच्या पेशी पहारेकऱ्यासारखे काम करतात. वर जाणारा वेदनेचा संदेश किती मोठा होऊ द्यावा, हे ठरविण्यात त्यांचा वाटा असतो. त्याच पेशींचे दुसरे तंतू भावनांशी निगडित केंद्रांकडे जातात. ही रचना ध्यानी घेतली म्हणजे, तेथील व्यवहार ढासळल्यास वेदना व विषाद ही एकाच घरात का उतरतात, हे समजू लागते. स्त्रियांच्या शरीरातील इस्ट्रोजेन या अंतःस्रावाचाही सेरोटोनिनच्या व्यवहारावर परिणाम होतो. दोन्ही विकार स्त्रियांत अधिक आढळतात आणि हा फरक वयात आल्यानंतर ठळक होतो, ही गोष्ट या दृष्टीने अर्थपूर्ण आहे.

दुहेरी नाते

सततच्या वेदनेने मन खचणे हेच एकमेव कारण असते, तर हे नाते एकाच दिशेचे असावयास हवे होते. अमेरिकेतील मिशिगन राज्यात नेओमी ब्रेस्लाऊ व त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक लोकांची वर्षानुवर्षे पाहणी करून ही शंका तपासली. अर्धशिशी असलेल्यांस पुढे नैराश्य येण्याचा धोका वाढतो, आणि आधी नैराश्य असलेल्यांस पुढे अर्धशिशी होण्याचा धोकाही वाढतो, असे त्यांना आढळले. इतर प्रकारच्या तीव्र डोकेदुखीबाबत मात्र नैराश्यामुळे असा धोका वाढत नाही. अर्थात अर्धशिशी व नैराश्य यांचे नाते विशेष प्रकारचे असून त्यामागे काही समान कारणे असली पाहिजेत. जुळ्या भावंडांच्या अभ्यासावरून त्यांपैकी काही कारणे आनुवंशिक आहेत, असे दिसते. तथापि दोन्ही विकार घडविणारे एखादेच जनुक नाही. अल्पस्वल्प परिणाम करणारी पुष्कळ जनुके व परिस्थिती यांचा तो एकत्रित परिणाम होय.

रुग्णाच्या दृष्टीने

या ज्ञानाचा रुग्णास काय उपयोग, हा प्रश्न शेवटी महत्त्वाचा आहे. अर्धशिशीचा रुग्ण, विशेषतः घरातील स्त्री, अंधाऱ्या खोलीत पडून राहिली म्हणजे ‘हिला कामाचा कंटाळा आहे’ असे म्हटले जाते. नैराश्याच्या रुग्णास ‘मन घट्ट कर’ असे सांगण्यात येते. ज्यास दोन्ही विकार आहेत, तो अशा बोलण्याने दुहेरी दुखावला जातो आणि आपली व्यथा सांगण्याचेच सोडून देतो. डोक्याच्या डॉक्टरास तो मनाचे सांगत नाही, आणि मनाच्या डॉक्टरास डोक्याचे.

हे मौन घातक ठरू शकते. अर्धशिशीच्या प्रतिबंधासाठी दिल्या जाणाऱ्या फ्लूनॅरिझिनसारख्या काही औषधांनी नैराश्य बळावू शकते. उलट ॲमिट्रिप्टिलिनसारखे औषध योग्य प्रकारे योजल्यास दोन्हींस हातभार लागू शकतो. ही निवड करण्यासाठी डॉक्टरांस पूर्ण माहिती हवी. नैराश्याकडे दुर्लक्ष झाल्यास अधूनमधून येणारी अर्धशिशी महिन्यातून पंधरा वा अधिक दिवस ठाण मांडून बसण्याचा संभवही वाढतो. दुकानातून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्यांवर भिस्त ठेवणेही घातक आहे. कारण साध्या गोळ्या महिन्यातून पंधरा वा अधिक दिवस, याप्रमाणे तीन महिन्यांहून जास्त काळ घेतल्यास त्यांच्यामुळेच डोके दुखू लागते. जगणे नकोसे वाटू लागले असेल, तर एक दिवसही न थांबता आप्तांस व डॉक्टरांस सांगावे. भारत सरकारने २०२२ मध्ये सुरू केलेल्या ‘टेली-मानस’ या सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य सल्ला मिळतो, आणि तो मराठीतही मिळू शकतो.

मनाची उमेद आणि मस्तकाची वेदना यांची सूत्रे मेंदूत किती जवळजवळ ओवलेली आहेत, याची जाणीव शास्त्रास सर्पगंधेच्या मुळीपासून निघालेल्या वाटेवर झाली. ही वाट अजून संपलेली नाही. पण डोके धरून बसलेल्या माणसास ‘डोके कसे आहे?’ असे विचारताना ‘मन कसे आहे?’ हेही विचारावे, इतके शहाणपण तिने आजच दिलेले आहे.